बिनधुराचा कोळसा

चांगला कोळसा वाजतो. एक तुकडा दुसऱ्यावर आपटला की काशाच्या वाटीसारखा खण् आवाज येतो. कच्चा असेल तर नुसतं ठप्प. हे मला माझ्या सासऱ्यांनी शिकवलं. एरवी कुणाचं मुकाट ऐकून घेण्याइतकी मी गरीब गाय कधीच नव्हते, पण हा आवाज कानात बसला तो बसलाच. आता पंच्याहत्तरी उलटली, ऐकू कमी येतं, तरी रस्त्यावरचा इस्त्रीवाला कोळसे ओतायला लागला की मी हातातलं काम टाकून ऐकत बसते.

सासऱ्यांना मी मामा म्हणायची आणि सासूबाईंना आत्याबाई. आमचं घर सोलापूरच्या दक्षिण कडेला, ओढ्याच्या अलीकडे होतं. आता त्या बाजूला सगळे फ्लॅट झालेत, ओढा कुठं होता ते मलाही दाखवता येणार नाही. तेव्हा घरामागं मोकळं परस होतं आणि पुढं नुसत्या बाभळी. एका बाजूला मागवाल्यांचं घर होतं. त्यांच्यातली थोरली बाई घरात तेलुगू बोलणारी. सगळी गल्ली तिला अक्का म्हणायची, मीही म्हणायची. दिवसभर तिच्याकडचा माग खटखट करायचा.

मामांची हयात गिरणीच्या बॉयलरपुढं दगडी कोळसा ओढण्यात गेली. छातीत खोकला बसला तेव्हा त्यांना घरी बसवलं, आणि घरी बसणं काही त्यांना जमेना. नवरा गिरणीत, सासूबाई कामात, हा माणूस करणार काय? ओढ्याकाठच्या बाभळी कुणीतरी तोडून टाकल्या होत्या, त्यांची खोडं पडून होती. मामांनी ती ओढून आणली आणि परसात कोळशाची भट्टी लावली. पोटासाठी नव्हे, नाद म्हणून. पुढं चहावाले, सोनार, इस्त्रीवाले घरी येऊन पोती उचलायला लागले ते वेगळं.

आत्याबाई म्हणायच्या, "जल्मभर कोळसा गिळला, तरी ह्यांचं पोट भरलं न्हाई. आता घरी शिजवून खायाला लागल्यात."

भट्टी म्हणजे छातीइतका मातीचा ढीग. मधोमध दांडका रोवायचा, त्याच्याभोवती बाभळीचे हातभर तुकडे उभे रचत जायचे, वर गवत आणि ज्वारीची धसकटं, आणि त्यावर ओल्या मातीचा जाड लेप. दांडका उपटला की वर भोक राहतं. त्यातून निखारे सोडायचे आणि पेटलं की ते बुजवायचं. बुडाशी चार लहान भोकं ठेवायची, ती शेवटी बुजवायची. लाकडानं जळायचं नाही, आतल्या आत भाजायचं. त्याला वारा मिळाला की संपलं. मामा दिवसभर ओल्या मातीची पाटी घेऊन त्या ढिगाभोवती फिरायचे. कुठं भेग दिसली की लगेच बोटानं लिंपायचे. "फट ऱ्हायली की माल गेला," हे त्यांचं पालुपद. जेवताना भाकरीला चीर दिसली तरी ते म्हणायचे, आणि आम्ही सगळे हसायचो.

पहिल्या भट्टीची नुसती राख झाली. दुसरी घाईनं उघडली, तर निम्मं लाकूड कच्चं. तिसरी उघडल्याबरोबर वारा लागून पुन्हा पेटली, तेव्हा अक्का पदर खोचून घागर घेऊन धावत आली आणि तेलुगूत मामांना काय काय बोलली. आम्हाला शब्द कळले नाहीत, पण अर्थ कळला.

त्या दिवसांत एकदा मी चहा घेऊन परसात गेले आणि भट्टीच्या बाजूला टेकले. थंडी होती, ऊब बरी वाटली. मामा एकदम ओरडले, "ऊठ तितनं! वाऱ्याच्या खालच्या अंगाला बसायचं न्हाई कदी."

"धूर तर न्हाई की मामा."

"धूर बरा गं पोरी, डोळं चुरचुरत्यात, माणूस उठून जातं. धूर सरल्यावरची हवा वंगाळ. लई गोड झोप येती. डोक्याला पट्टा आवळल्यागत हुतं, कानात भोंगा वाजतो आन् पायातलं बळ जातं. भट्टीची भूल हाय ती. आमच्या बॉयलरवर एकाला लागलेली, त्यो उठलाच न्हाई."

मी घाबरून उठले, आणि दुसऱ्या दिवशी विसरले. मामांना हे सगळं ठाऊक होतं, हे मी मुद्दाम आधी सांगून ठेवते. त्यांना ठाऊक होतं, मलाही त्यांनीच सांगितलं होतं. आणि तरीही पुढचं झालं.

माझी आई लहानपणीच गेली होती, म्हणून बाळंतपण सासरीच ठरलं. आमच्याकडे बाळंतिणीला शेक-शेगडी असते. बाजेखाली शेगडी ठेवायची, तिच्यात ओवा टाकायचा, आई आणि लेकरू दोघांना ऊब द्यायची. पूर्वी शेगडीत गोवऱ्या असायच्या. त्यांच्या धुरानं जीव नकोसा व्हायचा, म्हणून खोलीची लहान खिडकी उघडी ठेवावीच लागायची. बायका खोकायच्या, शिव्या द्यायच्या आणि खिडकी उघडायच्या. आमच्या आज्या-पणज्या त्या शिव्यांवर जगल्या, असं मला आता वाटतं.

माझे दिवस भरत आले तेव्हाच मामांची चौथी भट्टी साधली. खणखणीत कोळसा निघाला. इतका आनंद झालेला माणूस मी फार थोड्या वेळा पाहिलाय. एकेक तुकडा वाजवून त्यांनी वेगळी पाटी भरली आणि आत्याबाईंसमोर ठेवली. म्हणाले, "ही बाळंतिणीच्या शेगडीला. माज्या नातवंडाच्या डोळ्याला धूर लागायचा न्हाई."

आत्याबाईंनी पेटवून पाहिलं, खरंच धूर नाही. त्यांनी पहिल्यांदाच नवऱ्याचं तोंड भरून कौतुक केलं. आणि मग म्हणाल्या, "धूरच न्हाई तर खिडकी कशाला उगडी? वारं लागंल लेकराला." मामा बाहेरून गेले आणि खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबून आले. दाराखाली पोतं सारलं. खोली कशी ऊबदार झाली.

मुलगी झाली. नवव्या दिवशी सकाळी न्हाऊ-माखू घालून, शेक देऊन आत्याबाई भाकऱ्या थापायला गेल्या आणि आम्ही मायलेकी झोपलो. मला जाग आली ती आत्याबाईंच्या किंकाळीनं. डोकं इतकं दुखत होतं की डोळे उघडवेनात. उलटी झाली. लेकरू माझ्या कुशीत होतं. गाल गुलाबी, ओठ डाळिंबासारखे लाल, जन्मल्यापासून इतकी देखणी ती कधी दिसली नव्हती. अक्कानं तिला उचललं आणि म्हणाली, "झोपली की ही. बघा, किती लाल हाय." मग तिनं लेकराच्या नाकाशी बोट धरलं, आणि पदरानं त्याचं तोंड झाकलं.

बारसं व्हायचं होतं. तिला नाव नव्हतं.

कुणी म्हणालं दृष्ट लागली, इतकं रंगरूप बाळंतिणीच्या खोलीत टिकत नसतं. आत्याबाईंचं मत ठाम होतं: वारं लागलं. कुठून तरी फट राहिली असणार.  दुसऱ्या दिवशी मामांना खिडकीजवळ उभं राहून चिंध्या चाचपताना मी पाहिलं.

दीड वर्षानं मला पुन्हा दिवस गेले. आनंद झाला असं म्हणतात लोक; मला भीती वाटली. पोट वाढेल तशी भीती वाढत गेली. रात्रंदिवस एकच विचार, की ह्याही लेकराला वारं लागेल. झाडाचं पान हललं तरी मी पोटावर पदर घ्यायची. मी तशी कुणाला न भिणारी बाई. विंचू चिमट्यात धरून बाहेर टाकणारी. पण त्या खोलीच्या दारावरून जायचं टाळून मी परसातून वळसा घालायची. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "देवाच्या मनात असंल तसं." मला देवाच्या मनाचा काही भरवसा नव्हता.

म्हणून सातव्या महिन्यात मीच मामांकडे गेले. डोक्यावरचा पदर सावरून परसात उभी राहिले आणि म्हणाले, "मामा, ह्या खेपेला एक बी फट ठेवू नका. चिंध्या नकोत. मातीनं लिंपा."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले होते. "माज्यावर सोड," ते म्हणाले.

त्यांनी ती खोली भट्टीसारखी लिंपली. खिडकीची फळी लावून वर चार बोटं माती, छपराच्या कडेला माती, भिंतीतल्या उंदराच्या बिळात माती. आत दिवा ठेवून उजेड कुठं झिरपतो का ते बाहेरून पाहिलं, आणि पुन्हा लिंपलं. सगळ्यात उत्तम कोळसा निवडून ठेवला. इतक्या मायेनं केलेलं काम मी दुसरं पाहिलं नाही. आजही ते आठवलं की अंगावर काटा येतो, आणि तो काटा कसला हे मला नीट सांगता येत नाही.

पौषातल्या थंडीत दुसरीही मुलगीच झाली. पाचवी पुजली. मी झोपेनाच. तिच्या छातीवर हात ठेवून बसायची. आत्याबाई रागवायच्या, "अगं, बाजेला पाठ टेक की जरा. दूद आटंल." पण दिवसा शेक घेतला की डोळे आपोआप मिटायचे. उठले की डोकं ठणकायचं. बाळंतपणात दुखतंच, असं सगळ्या म्हणायच्या.

सातव्या दिवशी सकाळी गिरणीचा भोंगा होऊन गेला होता. नवरा कामावर. आत्याबाईंनी लेकराला न्हाऊ घातलं, शेगडी नव्यानं भरून बाजेखाली सारली, दार ओढून घेतलं आणि त्या ओढ्यावर बाळुत्यांचं गाठोडं घेऊन गेल्या. मागच्या परसात मामा त्या दिवशी भट्टी उघडत होते. लिंपलेल्या खिडकीतून लांबून आवाज यायचा. खण्. थोडं थांबून, खण्. ते कोळसे वाजवून निवडत होते. मला बरं वाटलं. मी आडवी झाले.

किती वेळ गेला ठाऊक नाही. कानात भोंगा वाजत होता. मला वाटलं, गिरणी सुटली, इतक्यात कशी सुटली? भोंगा थांबेना. कपाळाभोवती कुणी पट्टा आवळत होतं. झोप मात्र इतकी गोड होती की डोळे उघडावेसे वाटेनात. आणि त्या सगळ्यातून लांबून, खण्. खण्. मामा कोळसे वाजवत होते. तो आवाज आला आणि मामा माझ्या डोक्यात बोलायला लागले: ऊठ तितनं. डोक्याला पट्टा. कानात भोंगा. पायातलं बळ.

मी डोळे उघडले. लेकराकडे पाहिलं. तिचे गाल गुलाबी होते.

त्या क्षणी जी भीती वाटली तशी पुन्हा कधी वाटली नाही, आणि वाटू नये. मी ओरडायला गेले तर घशातून आवाज निघेना. उठायला गेले तर पाय माझे नव्हतेच. मी बाजेवरून खाली पडले, लेकराला छातीशी धरूनच पडले, आणि दाराकडे सरपटायला लागले. दार चार हातांवर होतं. निम्म्यात माझं बळ संपलं. हाताशी न्हाणीचा तांब्या आला. तो मी जमिनीवर आपटला. पुन्हा आपटला.

बाहेरचं खण् खण् थांबलं. मामांची पावलं दारापाशी आली.

"काय झालं गं? ही ओढ्यावरनं आली न्हाई अजून. हाक मारू का तिला?"

ते आत येणार नव्हते. बारा दिवस व्हायच्या आत बाळंतिणीच्या खोलीत पुरुष पाय ठेवत नाही. सासरा तर नाहीच. ओढ्यावरून आत्याबाईंना आणायला जेवढा वेळ लागला असता तेवढा आमच्याकडे नव्हता, आणि हे मला दाराच्या आत कळत होतं, त्यांना बाहेर कळत नव्हतं. मी कशीबशी पुढं सरकले आणि तोंड दाराखालच्या पोत्याला लावलं.

"मामा... भूल... भट्टीची भूल..."

  मग दार धाडकन उघडलं. मामांनी माझ्याकडे पाहिलं नाही, सोवळं-विटाळ काही पाहिलं नाही. लेकरू उचललं, मला काखेत धरून उंबऱ्याबाहेर ओढलं, आणि ओरडत सुटले, "अक्का! अक्का!" अक्का मागावरून तशीच उठून आली. तिनं पोरगी उलटी धरली, पायाच्या तळव्यांवर मारलं, तोंडावर फुंकलं. बाहेर कडाक्याचा पौषातला वारा होता. ज्या वाऱ्याला मी नऊ महिने भीत होते त्याच वाऱ्यात अक्कानं लेकराला उघडंनागडं धरलं होतं, आणि मी मनात म्हणत होते, वाहा रे बाबा, वाहा.

पोरगी रडली. आधी मांजरासारखी, मग चांगली टाहो फोडून.

मामा तोवर घरामागं गेले होते. भट्टीची लोखंडी सळई घेऊन ते खिडकीवरची माती फोडत होते. आपणच चार बोटं जाड लावलेली. फळी निघाली तरी थांबेनात, भिंतीवरच घाव घालायला लागले. तेवढ्यात आत्याबाई गाठोडं घेऊन आल्या आणि पहिलं वाक्य बोलल्या, "अवो, बाप्या मानूस बाळंतिणीपशी?" त्यांचं हे वाक्य पुढं अक्का नक्कल करून दाखवायची, तेव्हा मीसुद्धा हसायची. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

पोरगी वाचली. आज ती स्वतः आजी आहे आणि माझ्यावर डाफरते. पण गोष्ट तिथं संपली नाही.

मामांनी कोळसा सोडला. उघडलेली भट्टी तशीच पडून राहिली. जेवण ताटात तसंच. परसातल्या दगडावर बसून ते तासन्‌तास आपल्या हातांकडे पाहायचे. खोकला आला तर पाणीही मागायचं नाही. आत्याबाईंना वाटलं बाहेरचं काही लागलं. त्यांनी लिंबं उतरवून टाकली. मला मात्र कळत होतं ते काय मोजत बसलेत. दुसरीला भूल लागली, तर पहिलीला काय झालं होतं? मी त्याच हिशेबावर त्यांच्या आधी पोचले होते, दारापाशी सरपटतानाच. आणि खरं सांगते, मला राग आला होता. इतका राग, की बरी झाल्यावर त्यांच्या तोंडावर सगळं फेकायचं असं मी ठरवलं होतं. तुम्हाला ठाऊक होतं, असं ओरडायचं होतं. पण मग आठवायचं, ठाऊक तर मलाही होतं, आणि लिंपा म्हणून सांगायलाही मीच गेले होते.

महिना गेला. मामा वाळून काटकी झाले. एका दुपारी मी लेकराला घेऊन ओसरीवर बसले होते. ते आले, खांबाला टेकून खाली बसले.  मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "पोरी, एक इचारतो. खरं सांग. पयल्या खेपेला... त्या सकाळी खिडकी बंद हुती न्हवं? चिंद्या मीच कोंबल्या हुत्या."

त्यांनी दोन्ही हात मांडीवर उघडे ठेवले होते. मी त्या हातांकडे पाहिलं. हा माणूस माझ्या एका शब्दावर जगणार होता किंवा मरणार होता, आणि हे आम्हा दोघांनाही कळत होतं. माझी भीती मला अजून आठवते: तोंडातून खरं निघून जाईल ही.

"न्हाई मामा," मी म्हणाले. "मला कोंडल्यागत व्हायचं. तुमी गेल्यावर मी चिंद्या काडल्या हुत्या. खिडकी उगडीच हुती."

"उगडी?"

"सताड उगडी. वारं येत हुतं चांगलं."

मामांनी दोन्ही हातांत तोंड झाकलं आणि लहान पोरासारखे रडले. "मंग माजा कोळसा न्हवं," ते म्हणाले. "न्हवं ना?"

"न्हाई मामा. तुमचा कोळसा न्हवं."

मी मान वर केली तर स्वयंपाकघराच्या दारात आत्याबाई उभ्या होत्या. हातात पिठाची परात. त्यांनी सगळं ऐकलं होतं. दोन वर्षं ज्या वाऱ्याला त्या शिव्या देत होत्या, ते वारं आत कुणी घेतलं ते त्यांना आज कळलं होतं. त्यांनी परात खाली ठेवली, आल्या, आणि माझ्या मांडीवरचं लेकरू उचलून आत घेऊन गेल्या.

मामांनी आठवड्याभरात नवी भट्टी रचली. त्याआधी बाळंतिणीच्या खोलीच्या भिंतीतून चार विटा काढून टाकल्या आणि तिथं कायमचं भोक ठेवलं. आत्याबाई त्याला हात लावायला गेल्या की ते ओरडायचे. पुढची माझी तिन्ही लेकरं त्याच खोलीत झाली, वाऱ्यात झाली, धड झाली.

आत्याबाई त्यानंतर अठरा वर्षं जगल्या. कामाला कधी उणं पडू दिलं नाही, आजारपणात माझं डोकंही चेपलं. पण पाहुण्यारावळ्यांत विषय निघाला की एक वाक्य टाकायच्याच: "आमच्या पयल्या नातीला वारं लागलं. हिनंच खिडकी उगडली हुती." माझी जीभ तिखट. गल्लीत कुणाचं ऐकून घेतलं नाही मी. ते वाक्य आलं की खरं पार ओठांपर्यंत यायचं. दातांवर दात दाबून मी परसाकडे कान लावायची. तिकडं मामा नव्या भट्टीचा माल निवडत बसलेले असायचे. खण्. थोडं थांबून, खण्. मग मी पाहुण्यांना आणखी भाकरी वाढायची.